काडतूस कोणाचे? खडकीचा कारखाना, माळावरचे काळवीट आणि रिव्हॉल्व्हर

पुण्याहून पिंपरीकडे निघालेला प्रवासी हॅरिस पुलावरून मुळा ओलांडण्यापूर्वी खडकी छावणीच्या कडेने जातो. या छावणीत १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे. नदीपलीकडे पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत गेल्या साठ वर्षांत लेथ, प्रेस आणि डाय यांचे असे जाळे पसरले की पितळेची बोटभर नळी अचूक मापात घडवणे या पट्ट्यातल्या चांगल्या कारागिराला मुळीच अवघड नाही. आणि पूर्वेकडे, कर्जतच्या माळरानावर, काळविटांचे कळप आजही चरतात.

कारखाना आहे, कारागीर आहे, हरीणही आहे. अमेरिकेत या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि त्यातून एक परंपरा उभी राहिली. झाडलेल्या काडतुसाची रिकामी नळी घरच्या टेबलावर पुन्हा भरायची, ते काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचे आणि हरणाच्या शिकारीला जायचे, हा तेथे बापाकडून मुलाकडे जाणारा छंद आहे. महाराष्ट्रात तो कधीच रुजला नाही. याचे कारण अहिंसा असे सांगितले की ऐकायला बरे वाटते. पण येथे हरणे शतकानुशतके मारली गेली, जाळ्यांनी, चित्त्यांनी आणि रायफलींनी. रिव्हॉल्व्हर मात्र त्यात नव्हते, आणि घरी भरलेले काडतूसही नव्हते. हा धागा त्या अनुपस्थितीचा आहे.

सुरुवात काडतुसाच्या आधीपासून करावी लागते.

१६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने कोट लढवला आणि अखेर मोगलांनी भुयार खणून, त्यात दारू ठासून, एक बुरूज उडवला. त्या वेढ्यात दोन्ही बाजूंच्या प्रत्येक बंदूकधाऱ्याला एक गोष्ट स्वतःच्या हाताने करावी लागत होती, ती म्हणजे बार भरणे. नळीच्या तोंडातून मोजकी दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानात रंजक घालायची आणि तोडा लावायचा. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण कोठेही कुटले जाई. शिसे चुलीवर वितळे. बंदूक हाती असणे आणि दारूगोळा आपला आपण तयार करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. ठासणीची बंदूक चालवणारा प्रत्येक माणूस, आजच्या भाषेत, स्वतःचे काडतूस स्वतः भरणारा होता.

'काडतूस' हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगिजांकडून, 'पिस्तूल'ही त्यांच्याचकडून. आरंभी काडतूस म्हणजे मोजलेली दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची पुडी. ती दाताने फोडून नळीत रिकामी करायची. १८५७ मध्ये या पुडीवरच्या चरबीने काय घडवले ते सर्वांना ठाऊक आहे. तुलनेने दुर्लक्षित राहिली ती त्यानंतरच्या दहा वर्षांतली तांत्रिक उलथापालथ.

१८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर पद्धत स्वीकारली. जुन्या एन्फिल्ड बंदुकीचा मागचा भाग कापून तेथे उघडणारे दार बसवले गेले आणि काडतूस पुढून ठासण्याऐवजी मागून सरकवले जाऊ लागले. त्यासाठी वूलिच येथील शाही प्रयोगशाळेचा प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर याने धातूचे काडतूस तयार केले. आता दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी ही सर्व एकाच पितळी नळीत बंद झाली. बार उडताच पितळ क्षणभर फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटून मागे येणारा वायू अडवते आणि पुन्हा किंचित आकसते, म्हणून रिकामी नळी सहज बाहेर येते. साऱ्या आधुनिक बंदुका पितळाच्या या एका गुणावर उभ्या आहेत. काडतुसासाठी वापरल्या जाणाऱ्या ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त या मिश्रधातूला अभियांत्रिकीत आजही 'कार्ट्रिज ब्रास' म्हणतात. भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये हे नाव रोज उच्चारले जात असेल, बंदुकीची आठवणही न होता.

बार झाल्यावर चार घटकांपैकी तीन संपतात. दारू जळते, गोळी जाते, टोपी फुटते. उरते ती नळी, आणि काडतुसात तीच सर्वांत महाग. ती पुन्हा वापरता आली तर खर्च मोठ्या प्रमाणात वाचतो. यासाठी फुटलेली टोपी काढायची, फुगलेली नळी साच्यातून दाबून मूळ मापावर आणायची, मग नवी टोपी, मोजकी दारू आणि नवी गोळी. तत्त्व इतके साधे आहे.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. इंग्रज बॉक्सरच्या टोपीत ऐरण टोपीतच असते आणि नळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असते. वरून एक सळई घातली की फुटलेली टोपी बाहेर पडते. याच काळात अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचा सेनानी असलेल्या हायरम बर्डनने दुसरी रचना काढली. तिच्यात ऐरण नळीचाच भाग असते आणि छिद्रे दोन, बाजूला. त्यामुळे टोपी काढणे कटकटीचे होते. पुढे इंग्रजाची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, यात त्या एका मधल्या छिद्राचा वाटा लहान नाही.

छिद्र सोयीचे असले तरी राजसत्ता सोयीची असावी लागते. हिंदुस्थानात ती नव्हती.

खडकीचे नाव मराठ्यांच्या इतिहासात ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे आहे. पेशवाईच्या अखेरीची सुरुवात त्या दिवशी झाली आणि नंतर तेथे इंग्रजांची छावणी वसली. स्नायडर पद्धत आली आणि तीन वर्षांत, १८६९ मध्ये, याच छावणीत काडतुसांचा कारखाना निघाला. या क्रमाला अर्थ आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकार दारूगोळ्याच्या बाबतीत कमालीचे सावध झाले होते. तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती ठेवण्यात आला आणि देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याचे धोरण पाळले गेले. ठासणीच्या बंदुकीच्या युगात दारूगोळ्यावर असा ताबा ठेवणे कठीण होते, कारण सोरा आणि गंधक कोण कोण कुटतो यावर पहारा कसा ठेवणार? धातूच्या काडतुसाने ते सोपे केले. नळी ओढायला यंत्र लागते, टोपीतले संवेदनशील रसायन तयार करायला प्रशिक्षित हात लागतात. ज्याच्या ताब्यात कारखाना, त्याच्या ताब्यात बंदूक. बंदूक कोणाच्याही खांद्यावर असो, तिचा घास खडकीच्या किंवा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कोठारातून मोजून बाहेर पडणार होता.

उरलेले काम १८७८ च्या शस्त्र कायद्याने केले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला हा कायदा. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्र बाळगायला परवाना आवश्यक झाला, दारूगोळा तयार करायला आणि विकायलाही. नियमांनी युरोपीयांना मात्र त्यातून सूट दिली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. दोन वर्षांच्या संघटनेने, जिची भाषा अजून अर्ज-विनंत्यांची होती, हा विषय इतक्या लवकर हाती घ्यावा, यावरून तो किती बोचत होता ते कळते.

तरीही एक फट राहिलीच होती, आणि ती होती पुन्हा भरण्याची.

सैन्याची मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ पासून वापरात होती. तिच्या गोळीचा व्यास ०.४५० इंच. कालांतराने या रायफली चोरीने, लुटीने, तस्करीने वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती पोहोचल्या, आणि सरहद्दीवरचे लोहार तर हुबेहूब नकलाही घडवू लागले. बंदुका असल्या तरी काडतुसांचा तुटवडा होता. दुसरीकडे वाघ-गव्याच्या शिकारीसाठी ०.४५० व्यासाच्याच दुनळी रायफली लंडन आणि बर्मिंगहॅमहून येत होत्या आणि त्यांची काडतुसे दुकानांत मिळत होती. दोन्ही काडतुसांच्या नळ्या वेगळ्या होत्या, एकाचे काडतूस दुसऱ्यात बसत नसे. पण शिकारी काडतुसातली गोळी उपटून काढावी आणि मार्टिनीच्या झाडलेल्या नळीत नवी दारू घालून तिच्यावर बसवावी, हे करता येण्यासारखे होते. सरकारला भीती वाटली ती नेमकी याची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ०.४५० व्यासाच्या काडतुसांच्या आयातीवर हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये बंदी आली.

इंग्रज बंदूककारांचा मोठा गिऱ्हाईकवर्ग एका हुकुमाने अडचणीत आला आणि त्यांनी घाईने नवी मापे काढली: ०.४६५, ०.४७०, ०.४७५. अशा नव्या मापांच्या रायफली पुढे हिंदुस्थान आणि आफ्रिकेत 'मोठ्या शिकारीची' शान मानल्या गेल्या. संग्रहालयांतून, संस्थानिकांच्या शस्त्रागारांतून त्या आज कौतुकाने दाखवल्या जातात. एखाद्या डोंगरकपारीत बसून कुणी रिकामी नळी पुन्हा भरील, या भीतीतून त्यांचा व्यास ठरला होता, हे त्यांच्याखालच्या पाटीवर सहसा लिहिलेले नसते.

सैन्याच्या मापाचे हत्यार नागरिकांच्या हाती नको, हे तत्त्व पुढे नियमांत पक्के बसले. आजही परवानाधारकाकडे दिसणारी ०.३१५ ची रायफल आणि ०.३२ चे रिव्हॉल्व्हर ही मापे ज्यांना चमत्कारिक वाटतात, त्यांनी त्यांचे मूळ या विचारात शोधावे. सैन्याच्या नळीशी जुळणार नाही असे माप हवे होते.

आता रिव्हॉल्व्हरकडे. कोल्टने १८३६ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १८५७ च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अ‍ॅडम्सची रिव्हॉल्व्हरे होती. तेव्हाचे रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्रातल्या पाच-सहा ठासणीच्या बंदुकाच. प्रत्येक घरात दारू आणि गोळी हाताने भरावी लागे. १८८७ मध्ये वेब्लीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यात आले तोवर तेथेही धातूचे काडतूस पक्के झाले होते.

या भूभागाच्या इतिहासात पिस्तुलाची जी घटना सर्वांत ठळक आहे तिचा शिकारीशी काही संबंध नाही. चिंचवडचे दामोदर हरी चापेकर आणि त्यांचे बंधू बाळकृष्ण यांनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गाड्या परतत होत्या. काडतुसांचा कारखाना तेथून फार दूर नव्हता. आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड ३ जुलैला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे यांना. बारा वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनचा वध केला तो सावरकरांनी लंडनहून चोरून पाठवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने.

हाती धरायचे लहान हत्यार मराठी स्मृतीत शिरले ते असे. अमेरिकन मुलाला रिव्हॉल्व्हर म्हटले की गुराखी, रान आणि आजोबांची शिकार आठवते. महाराष्ट्रात ते राजकीय वधाचे, फाशीचे आणि देवघरातल्या तसबिरीचे हत्यार ठरले. सरकारच्या नजरेतही ते तसेच होते. रायफल लपवता येत नाही, पिस्तूल लपते. त्यामुळे छऱ्याच्या बंदुकीपेक्षा त्याचा परवाना नेहमीच दुर्मीळ राहिला.

मग हरणे कोण मारीत होते?

एक भाषिक खुलासा आधी करायला हवा. मराठीत काळवीट आणि चिंकारा यांनाही सर्रास हरीण म्हणतात. शास्त्रानुसार सांबर, चितळ, भेकर यांचे कूळ वेगळे. त्यांच्या नरांची शिंगे गळतात आणि नव्याने येतात. काळविटाची पिळदार शिंगे आयुष्यभर टिकतात. दख्खनच्या पठारावरचे 'हरीण' म्हणजे मुख्यतः काळवीट, उघड्या गवताळ माळावर राहणारे, ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावू शकणारे.

त्याचे खरे जाणकार होते फासेपारधी. त्यांची शिकार नावातच आहे. हरणांच्या वाटा ओळखून फासांची रांग मांडायची आणि कळपाला हलकेच तिकडे वळवायचे. काही वेळा माणसाळवलेला काळवीट नर शिंगांना फास बांधून सोडायचा. रानातला नर त्याच्याशी झुंजायला आला की अडकायचा. कधी बैलाच्या आडून चालत कळपाजवळ जायचे. या पद्धतीत दारू नाही, शिसे नाही, परवान्याचा प्रश्न नाही. कोल्हापूर दरबाराने तर हे काम चित्त्याला शिकवले होते. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून आणून तेथे ही शिकार चालू राहिली. गोरे अधिकारी बैलगाडीतून कळपाच्या जवळ सरकत, कारण रोज दिसणाऱ्या बैलगाडीला काळवीट बुजत नाही, आणि मग रायफलीने बार टाकीत.

रिव्हॉल्व्हर साहेबाच्या कमरेला असे, पण काळविटासाठी नव्हे. त्याचे कारण साध्या गणितात आहे. ०.४५५ वेब्लीची गोळी साधारण १७ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला जेमतेम १८० मीटर. ऊर्जा ३०० ज्यूलच्या आत. ०.३०३ रायफलीची गोळी ११ ग्रॅमची, वेग सुमारे ७४० मीटर. ऊर्जा ३००० ज्यूलच्या वर. दहापट फरक. शिवाय उघड्या माळावर काळवीट शंभर-दोनशे पावलांच्या आत येऊ देत नाही, आणि तितक्या अंतरावर रिव्हॉल्व्हरचा नेम म्हणजे नशिबाचा खेळ. हत्तीच्या हौद्यावर चढू पाहणाऱ्या वाघासाठी जाड नळीची 'हौदा पिस्तुले' इंग्लंडमध्ये मुद्दाम बनवली जात, पण ती शिकारीची नव्हेत, जीव वाचवण्याची. चार हातांवरच्या जनावरावर झाडायची.

मग अमेरिकनांना रिव्हॉल्व्हरने हरीण कसे मारता आले? तर घरी काडतूस भरून. आयडाहो राज्यात गुरे राखणारा एल्मर कीथ (१८९९ ते १९८४) हा या कथेचा नायक. कारखान्यातून येणारे ०.४४ स्पेशल काडतूस त्याला मिळमिळीत वाटे. तो स्वतःच्या आराखड्याच्या गोळ्या ओतू लागला, दारू वाढवू लागला आणि त्या काडतुसांनी हरणे मारून मासिकांत लिहू लागला. या उद्योगात रिव्हॉल्व्हरे फुटतात, बोटे जातात. नळीची सहनशक्ती ओलांडली की पितळ कुणाची भीड ठेवत नाही. १९३५ मध्ये ०.३५७ मॅग्नम बाजारात आले. कीथ आणि त्याच्यासारख्या हौशी मंडळींच्या सततच्या आग्रहातून १९५५-५६ मध्ये ०.४४ मॅग्नम आले, ज्याची ऊर्जा वेब्लीच्या पाचपटीच्या घरात जाते. म्हणजे हातातल्या हत्याराने हरीण मारण्याची गोष्ट तेथे आधी घरच्या टेबलावर घडली आणि मग कारखान्याने तिची नक्कल केली.

खडकीत हे उलट दिशेने घडणे शक्यच नव्हते. दारू, टोप्या आणि नळ्या तेथे सरकारी मालकीच्या होत्या. कारखान्यातल्या शेकडो मराठी कामगारांना काडतुसाचे अंतरंग कीथपेक्षा अधिक ठाऊक असेल. पण ते ज्ञान संध्याकाळी फाटकाबाहेर नेण्याची मुभा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले? अपेक्षेपेक्षा कमी. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये अमलात आला. त्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही 'दारूगोळा'च आहेत, आणि परवान्याशिवाय त्याचे उत्पादन गुन्हा. दुकानदाराने किती काडतुसे दिली याची नोंद होते आणि मर्यादा परवान्यातच लिहिलेली असते. ज्या राज्यात मोजणी हाच नियंत्रणाचा पाया आहे, तेथे पुन्हा भरता येणारी नळी हा हिशेबातला घोळ ठरतो. एक नळी म्हणजे एक बार, हे समीकरण ती मोडते.

याच कायद्यात एक अवशेष मात्र टिकून आहे. पिकाच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला द्यायच्या परवान्यात त्याने खास उल्लेख केला आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. कोकणात अशा बंदुका अजूनही आहेत. चाकणच्या वेढ्यातला सैनिक ज्या रीतीने बार भरत होता, त्याच रीतीने माकडे आणि डुकरे हाकायला निघालेला बागायतदार तो भरतो. हातांनी दारू ठासायला कायद्याची हरकत नाही, पितळेत भरायला आहे. हा विरोधाभास वाटतो, पण १८६९ चे तर्कशास्त्र लक्षात घेतले तर तो नाही. मिनिटाला एक-दोन बार काढणारी बंदूक कोणत्याही सरकारला घाबरवत नाही.

शिकारीचा कायदा वेगळ्या वाटेने आला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला, त्यात शिकारीला परवाने होते. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सुरुवातीला सर्व शिकार बंद केली नव्हती. त्याच्या कलम १७ मध्ये शिकार कशी करू नये याची यादी होती: वाहनातून नको, रात्री नको, पाणवठ्यावर नको, कृत्रिम प्रकाशात नको. आणि सांबर-चितळासारख्या 'मोठ्या शिकारी'साठी रायफलच वापरायची. खास परवानगी असेल तर एकगोळी काडतूस घातलेली छऱ्याची बंदूक. म्हणजे परवाना मिळालेल्या शिकाऱ्यालाही रिव्हॉल्व्हरने हरीण मारणे कायद्याने बंद होते. यामागचा विचार शिकाऱ्यांच्याच जुन्या संकेतातून आलेला दिसतो: जनावर घायाळ होऊन रानात मरायला जाऊ नये. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांचे सगळे प्रकरणच काढून टाकले आणि कलम १७ निरर्थक झाले.

या साऱ्यात फासेपाऱ्यांचे काय झाले ते दोन ओळींत सांगून पुढे जाणे न्याय्य नाही, पण येथे तेवढीच जागा आहे. ज्यांनी कधी काडतूस हाताळले नाही, त्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवले. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला आणि वीस वर्षांनी त्यांचे फासच गुन्हा झाले. रायफलवाल्या साहेबाचा आणि संस्थानिकाचा छंद गेला. पारध्याची भाकरी गेली. माळ ओसाड कोणी केला याचा हिशेब मांडायचा तर रायफली आणि नांगर या दोहोंचा वाटा फासांहून कितीतरी मोठा निघेल.

इकडे मुळेच्या पलीकडे जग बदलत होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यामागून मोटारी, स्कूटर, सुटे भाग. पितळेच्या चकतीचा पेला करायचा, तो टप्प्याटप्प्याने साच्यातून ओढून लांब करायचा, मधूनमधून तापवून मऊ करायचा, ही काडतुसाची नळी बनवण्याची रीत आणि मोटारीच्या अनेक भागांची रीत यांत तत्त्वतः भेद नाही. देहूरोडला १९८४ मध्ये आणखी एक सरकारी दारूगोळा कारखाना आला. २०२१ मध्ये देशातले दारूगोळ्याचे कारखाने एकत्र करून म्युनिशन्स इंडिया ही कंपनी निघाली तेव्हा तिचे मुख्यालयही पुण्यातच आले.

पिंपरी-चिंचवडच्या वर्तमानपत्रांत एक ठराविक बातमी अधूनमधून येते: अमुक चौकात सापळा रचून इतकी गावठी पिस्तुले आणि इतकी जिवंत काडतुसे जप्त. त्या बातमीतले दोन आकडे पाहण्यासारखे असतात. अनेकदा पिस्तुलामागे एक किंवा दोन काडतुसे, क्वचित त्याहूनही कमी. गावठी कट्टा भट्टीवर घडतो, काडतूस घडत नाही. ते कोठल्या तरी कारखान्यातून, कोणाच्या तरी परवान्यातून पाझरलेले असते. जप्त झालेल्या अशा पुष्कळ काडतुसांच्या बुडावर 'के.एफ.' ही अक्षरे ठोकलेली असतात. त्यांचा अर्थ किर्की फॅक्टरी. खडकीला इंग्रज किर्की म्हणत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर. कळपाला ही सीमा ठाऊक नसल्याने तो सकाळ-संध्याकाळ शेजारच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे शेतकऱ्याने वन खात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा असतो. पीक संरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक असलीच, तर तो आजोबांसारखा बार भरू शकतो, गजाने ठासू शकतो, आणि हवेत काढू शकतो. आवाजाने कळप उड्या मारत दूर जातो आणि थोड्या वेळाने परत येतो.